सिडनी ते सांतियागो: विमानाने नेमके किती किलोमीटर आणि किती तास?

नकाशेवाचक
ऑस्ट्रेलियातले सिडनी आणि चिलीतले सांतियागो या दोन विमानतळांमधले हवाई अंतर शोधत होतो. चार ठिकाणी चार आकडे मिळाले: ७,०४६, ७,२२५, ११,३४० आणि १२,७७५. शेवटचे तीन किलोमीटरमध्ये आहेत असे त्या त्या ठिकाणी लिहिले होते. पहिल्यापुढे एककच नव्हते.

वेळेचाही घोळ आहे. अंतर सांगणाऱ्या एका साइटवर जाताना १४ तास ४० मिनिटे आणि येतानाही १४ तास ४० मिनिटे. वेळापत्रकात मात्र जाताना साधारण साडेबारा तास आणि येताना चौदाच्या आसपास. रस्ता एकच, विमान तेच, मग दीड तास जातो कुठे?

सरळ प्रश्न: खरे अंतर कोणते, खरी वेळ कोणती, आणि हे घरी बसून कागदावर काढता येते का?

पाटीपेन्सिल
७,०४६ आणि ७,२२५ हे दोन्ही मैल असणार. ११,३४० किमीला १.६०९ ने भागून बघा. एकाने मैल लिहिताना थोडी गडबड केली असेल, इतकेच. धागा मिटला. :)

त्रिज्या
इतक्यात मिटवू नका. ११,३४० भागिले १.६०९३४४ बरोबर ७,०४६. म्हणजे ७,०४६ हे मैल, हे मान्य. ७,२२५ मात्र मैलात बसत नाही, आणि नॉटिकल मैलातही नाही, कारण १ नॉटिकल मैल म्हणजे बरोबर १.८५२ किमी आणि त्या हिशेबाने उत्तर येते ६,१२३.

७,२२५ कुठून आला ते सांगतो. सांतियागोच्या रेखांशाचे वजाचे चिन्ह कुणीतरी गाळले आहे. सांतियागो ७०.७९ अंश पश्चिमेला आहे, म्हणून गणितात −७०.७९ लिहायचे. चिन्ह विसरलात की सांतियागो उचलून थेट हिंदी महासागरात पडते, ७०.७९ अंश पूर्वेला. तिथून सिडनी ७,२२५ किमी. आकडा दिसायला इतका सभ्य आहे की कुणाला संशयही येत नाही.

गंमतजंमत
म्हणजे त्या साइटवर विश्वास ठेवून निघालेला वैमानिक पाण्यात उतरणार. बरोबर पोहता येणारा सहवैमानिक घ्या.

सरळरेषा
१२,७७५ चा उलगडाही सोपा आहे. दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. सिडनी ३३.९५ दक्षिण, सांतियागो ३३.३९ दक्षिण. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर दोघांना पट्टीने जोडले तर रेघ पूर्व-पश्चिम सरळ जाते. ती रेघ म्हणजे सुमारे ३३.७ अंशाच्या अक्षवृत्तावरून चालत जाणे. रेखांशांतला फरक १३८ अंश, तिथे एका अंशाचे अंतर १११.१९५ (गोलावर एका अंशाची लांबी, किमीत) गुणिले कोसाइन ३३.७, म्हणजे साधारण ९२.५ किमी. गुणाकार १२,७७५ च्या घरात.

पण अक्षवृत्त हा गोलावरचा सर्वात जवळचा मार्ग नसतो (विषुववृत्त सोडून). सर्वात जवळचा मार्ग बृहद्वृत्ताचा, ज्याला सगळे ग्रेट सर्कल म्हणतात. ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते ते बृहद्वृत्त. पृथ्वीगोल हातात घ्या, दोन्ही ठिकाणांवर बोटे ठेवून दोरा ताणा. दोरा ओढाल तसा दक्षिणेकडे सरकेल आणि ६२ अंश दक्षिणेपर्यंत खाली जाऊन परत वर येईल. तो दोरा ११,३४० किमीचा. अक्षवृत्तापेक्षा १,४०० किमीहून जास्त बचत.

नकाशेवाचक
६२ दक्षिण म्हणजे अंटार्क्टिकाच्या अंगणातच की! सिडनीहून निघालेले विमान पूर्वेला जायचे सोडून आग्नेयेला का वळते, ते आता कळले. गणित पायरीपायरीने द्याल का कुणी?

त्रिज्या
देतो. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवा.

पायरी १. दोन्ही ठिकाणे दशांश अंशांत घ्या. उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम वजा.
सिडनी: −३३.९४६, +१५१.१७७
सांतियागो: −३३.३९३, −७०.७८६

पायरी २. रेखांशांतला फरक: १५१.१७७ + ७०.७८६ = २२१.९६३. हा १८० च्या वर गेला, म्हणून ३६० मधून वजा करा: १३८.०३७. (कोसाइनला दोन्ही सारखेच, पण नकाशावर विचार करताना लहान कोनच डोक्यात ठेवावा.)

पायरी ३. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.५५८४ × ०.५५०४ = ०.३०७३. दोन्ही वजा, म्हणून गुणाकार अधिक.

पायरी ४. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार: ०.८२९६ × ०.८३४९ = ०.६९२६. याला १३८.०३७ च्या कोसाइनने, म्हणजे −०.७४३६ ने गुणा: −०.५१५०.

पायरी ५. बेरीज: ०.३०७३ − ०.५१५० = −०.२०७७. याचा व्यस्त कोसाइन १०१.९९ अंश.

पायरी ६. १०१.९९ × १११.१९५ = ११,३४० किमी. हा १११.१९५ म्हणजे ६,३७१ किमी सरासरी त्रिज्येच्या गोलावर एका अंशाची लांबी.

एक मजेशीर सापळा: या जोडीत दोन्ही अक्षांशांचे वजाचे चिन्ह विसरलात तरी अंतर बरोबरच येते, कारण चुका एकमेकींना खातात. पण त्याच आकड्यांवरून दिशा काढलीत तर विमान आग्नेयेऐवजी ईशान्येला निघते. अंतर जुळले म्हणून गणित बरोबर, असे धरू नका.

चौकट_मोडा
वाखूसा (वाचनखूण साठवली).

एकशेऐंशी
स्प्रेडशीटमध्ये करणाऱ्यांसाठी नेहमीच्या चुका:

स्प्रेडशीटला अंश कळत नाहीत, रेडियन (कोन मोजण्याचे दुसरे एकक) लागतात. प्रत्येक कोनाला आधी रेडियनमध्ये बदला. हे विसरल्यावर येणारे उत्तर कधीकधी संभाव्यसुद्धा दिसते, तीच पंचाईत.

अंश-मिनिटे आणि दशांश अंश यांची गल्लत. ३३ अंश ५७ मिनिटे म्हणजे ३३.५७ नव्हे, ३३.९५. मिनिटांना ६० ने भागायचे. एका अंशात १११ किमी, म्हणजे या एका चुकीत ४० किमीच्या वर फरक.

एटॅन-टू (दिशेचा कोन काढणारे फंक्शन) वापरत असाल तर एक्सेलमध्ये आधी क्ष आणि मग य द्यायचा असतो. जवळपास सगळ्या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये उलटा क्रम. इकडचे सूत्र तिकडे चिकटवले की दिशा फिरलीच.

आणि वर दिलेले कोसाइनचे सूत्र लांबच्या अंतराला उत्तम, पण दोन विमानतळ अगदी शेजारी असतील तर कोसाइन १ च्या इतका जवळ जातो की दशांशस्थळे पुरत नाहीत. तिथे हॅवरसाइन हे दुसरे सूत्र वापरा. दोन ठिकाणे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या टोकांना असतील तर मात्र हॅवरसाइनही डळमळते.

सरळरेषा
पृथ्वी गोल नाही, ध्रुवांवर चपटी आहे, हेही कुणीतरी म्हणायला हवे. विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८.१३७ किमी, ध्रुवीय ६,३५६.७५२. गोल धरून काढलेले अंतर फार तर अर्ध्या टक्क्याने चुकते, बहुतेक जोड्यांत त्याहून बरेच कमी. नेमके हवे असेल तर व्हिन्सेंटी यांची १९७५ची पद्धत आहे, पण समोरासमोरच्या बिंदूंना तीही कधीकधी घिरट्या घालत बसते, उत्तरावर टेकतच नाही. कार्नी यांची २०१३ची पद्धत तिथेही चालते. प्रवासाच्या अंदाजासाठी गोल पुरे.

गंमतजंमत
विमान ११ किमी उंचावरून जाते, म्हणजे त्याचे वर्तुळ मोठे. ते कुणी धरले का? की वरचे किलोमीटर फुकट?

त्रिज्या
धरू या. ११ भागिले ६,३७१ म्हणजे ०.१७ टक्के. ११,३४० वर साधारण २० किमी. दीड मिनिट. फुकटच समजा.

कोपऱ्यातला
मूळ गोंधळाचे आणखी एक कारण राहिले. "सांतियागो" एक नाही. चिलीच्या विमानतळाचा कोड एससीएल, स्पेनमधले सांतियागो दे कॉम्पोस्तेला एससीक्यू, क्युबातले एससीयू, डॉमिनिकन प्रजासत्ताकातले एसटीआय. आणि सिडनी सुद्धा दोन! कॅनडात नोव्हा स्कॉशियामध्ये एक सिडनी आहे, कोड वायक्यूवाय. ऑस्ट्रेलियाला निघालेले आणि तिथे उतरलेले प्रवासी अधूनमधून बातम्यांत झळकतात. शहराचे नाव टाकून अंतर काढू नका, तीन अक्षरी कोड टाका. शहराचे नाव टाकल्यावर पुष्कळ साइट शहराच्या मध्यापासून मोजतात, तोही वेगळा फरक.

नकाशेवाचक
अंतर पटले. ११,३४०. आता वेळ. १४ तास ४० मिनिटे दोन्हीकडे कशी काय?

झोतवारा
ते सूत्र ओळखीचे आहे. अंतर भागिले ८००, अधिक अर्धा तास. ११,३४० ÷ ८०० = १४ तास १० मिनिटे, अधिक ३० मिनिटे. झाले १४:४०. वारा नाही, विमानाचा प्रकार नाही, दिशा नाही. लहान उड्डाणांना हे सूत्र बऱ्यापैकी चालते, कारण तिथे चढणे-उतरणे यातच निम्मा वेळ जातो आणि सरासरी वेग कमी पडतो. लांबच्या उड्डाणाला ८०० फार कमी आहे.

लांब पल्ल्याची आजची रुंद विमाने माक ०.८५ च्या आसपास उडतात. माक म्हणजे तिथल्या हवेतल्या ध्वनिवेगाचा अंश, आणि ध्वनिवेग तापमानावर ठरतो. उणे ५६.५ अंश सेल्सियसला ध्वनिवेग ताशी १,०६२ किमी, त्याचे ०.८५ म्हणजे ९०३. तीच हवा उणे ६५ असेल तर ध्वनिवेग १,०४१ आणि विमानाचा वेग ८८५. वैमानिकासमोर माक ०.८५ च दिसतो, पण ११,३४० किमीला पंधरा मिनिटे जास्त लागतात. वाऱ्याशिवायचा हा फरक.

आता वारा. दोन्ही गोलार्धांत मध्य अक्षांशांवर जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, साधारण ३० ते ४० हजार फुटांवर, नेमका विमानांच्या उंचीवर. गाभ्यात १०० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) नेहमीचे, जोरात असेल तेव्हा २०० च्या घरात. सिडनीहून सांतियागोला जाताना तो पाठीशी, येताना छातीवर. अख्ख्या मार्गावर सरासरी ५० ते ५५ किमी ताशी धरला तरी जमिनीवरचा वेग जाताना ९५० आणि येताना ८४०. तुमचा दीड तास इथे आहे.

गंमतजंमत
आम्हाला शाळेत शिकवले की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान हवेत नुसते उभे केले तर पश्चिमेचे गाव आपोआप खाली यायला हवे. सांतियागोहून सिडनी फुकटात! काडी टाकली, पळतो.

एकशेऐंशी
पळू नका, थांबा. ३४ अंश अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,३८५ किमी वेगाने पूर्वेला जाते, पण हवाही तिच्याबरोबरच जाते आणि उडण्याआधी विमानही. तसे नसते तर जमिनीवर उभ्या माणसाला कायम १,३८५ किमीचे वादळ लागले असते. विमानाला फक्त जमिनीच्या तुलनेत हवा किती हलते तेवढेच कळते. मात्र जेट स्ट्रीम पश्चिमेकडूनच का वाहतो याच्या उत्तरात पृथ्वीचे फिरणे आहे. तेव्हा काडी पूर्ण ओली नाही.

पाटीपेन्सिल
पण जाताना वाचलेला वेळ येताना जातो, म्हणजे येऊन-जाऊन हिशेब शून्यच ना?

झोतवारा
नाही. १०,००० किमी, वेग ९००, वारा १०० असा सोपा हिशेब घ्या. जाताना १०,००० ÷ १,००० = १० तास. येताना १०,००० ÷ ८०० = साडेबारा. एकूण २२ तास ३० मिनिटे. वारा नसता तर २२ तास १३ मिनिटे. वारा स्थिर असेल तर परतीचा एकूण हिशेब नेहमी तोट्यातच जातो, कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता.

म्हणूनच येताना विमान त्याच रस्त्याने येत नाही. समजा बृहद्वृत्तावर उलटा वारा ९५ आहे, जमिनीवरचा वेग पडला ८००, वेळ १४ तास १० मिनिटे. आणखी दक्षिणेला गेले, ४०० किमी वाढले, पण वारा उतरून वेग ८७० झाला, तर ११,७४० ÷ ८७० = साडेतेरा तास. ४०० किमी जास्त उडून ४० मिनिटे वाचली. नियोजनाचे सॉफ्टवेअर किलोमीटर वाचवत नाही. मिनिटे आणि इंधन वाचवते.

कोपऱ्यातला
वाऱ्याचे टोकाचे उदाहरण: फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्क जेएफकेहून लंडन हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत पोचले. अंतर सुमारे ५,५४० किमी. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किमीच्या पुढे गेला होता, पण हवेच्या तुलनेत विमान ध्वनीच्या वेगाच्या खालीच होते.

खलाशी_मन
अवांतर, पण बृहद्वृत्ताची खरी करामत सिंगापूर-न्यूयॉर्कमध्ये आहे. रेखांशांत १७७.८ अंशांचा फरक, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या पाठीमागे. सगळ्यात जवळचा मार्ग उत्तर ध्रुवापासून अवघ्या २८० किमीवरून जातो. नेमका ध्रुवावरूनच गेलात तरी फक्त पाच-सहा किमी वाढतात! अंतर सुमारे १५,३५० किमी.

आणि तरीही विमाने सहसा त्या रेघेवरून जात नाहीत. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाताना पॅसिफिकवरून, जेट स्ट्रीम पाठीशी घेऊन. किलोमीटर वाढतात, तास घटतात. या मार्गावरच्या एअरबस ए३५०-९०० यूएलआर या खास लांब पल्ल्याच्या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावते, ते उगाच नाही.

सरळरेषा
+१. शिवाय आकाश मोकळे असेल असेही नाही. २०२२ पासून बहुतेक युरोपीय कंपन्यांना रशियाचे हवाई क्षेत्र बंद आहे. हेलसिंकी-टोकियो हे बृहद्वृत्ताने ७,८०० किमीच्या आसपास, पूर्वी साडेनऊ तास. आता तेरा तासांच्या घरात, कारण विमान उत्तर ध्रुवावरून नाहीतर दक्षिणेकडून वळसा घालून जाते. अंतर सांगणारी साइट आजही ७,८०० च सांगते. तिचे चूक नाही, तिला विचारलेला प्रश्न अपुरा आहे.

नकाशेवाचक
मग सिडनी-सांतियागो मार्गावर असे काही अडथळे आहेत का? खाली तर नुसता समुद्र.

दोनइंजिनी
नुसता समुद्र हाच अडथळा. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यावर ठरावीक वेळात पर्यायी विमानतळ गाठता आला पाहिजे. त्याला ईटॉप्स म्हणायचे, आता ईडीटीओही म्हणतात. मिनिटांत मोजतात: १२०, १८०, ३३० वगैरे.

या मार्गाचा मध्यबिंदू काढा. साधारण ६२ दक्षिण, १४० पश्चिम. तिथून न्यूझीलंडचे क्राइस्टचर्च सुमारे ३,७०० किमी, चिलीच्या दक्षिण टोकाचे पुंता अरेनास सुमारे ४,००० किमी, आणि ताहितीतले पपीते जवळजवळ ५,०००. एका इंजिनावर विमान खाली येते, वेगही घटतो. ताशी ७४० किमी धरला तर १८० मिनिटांत २,२२० किमी, ३३० मिनिटांत ४,०७०. म्हणजे १८० मिनिटांची परवानगी असलेल्या विमानाला बृहद्वृत्त बंद. त्याला उत्तरेकडून वळसा घ्यावा लागतो आणि वेळ वाढतो. ३३० वाल्याला दार उघडे. बोइंग ७८७ ला ३३० मिनिटांचे प्रमाणन आहे, ए३५० ला ३७० पर्यंत. विमानाचे प्रमाणन असून भागत नाही, कंपनीलाही तशी मंजुरी लागते.

इंधनाचे गणित मात्र इंजिन बंद पडण्यावर अडत नाही, हवेचा दाब जाण्यावर अडते. केबिनमधला दाब गेला तर साधारण १०,००० फुटांवर उतरून उरलेला रस्ता काटावा लागतो आणि तिथे इंधन भसाभस जाते. इतके इंधन मार्गातल्या सर्वात अडचणीच्या बिंदूला शिल्लक हवे. मालाच्या कप्प्यातली आग दाबणारी यंत्रणा किती वेळ पुरते तेही बघतात, त्यातून १५ मिनिटे राखीव ठेवून.

पाटीपेन्सिल
मध्यबिंदू म्हणजे परत फिरायचे की पुढे जायचे याची सीमा का?

दोनइंजिनी
वारा नसेल तर हो. वारा असेल तर सीमा सरकते. सूत्र: समान वेळेच्या बिंदूपर्यंतचे अंतर = एकूण अंतर × परतीचा वेग ÷ (पुढचा वेग + परतीचा वेग). दोन विमानतळांत ६,००० किमी, पुढे १,००० चा वेग, मागे ८०० चा. ६,००० × ८०० ÷ १,८०० = २,६६७. म्हणजे निम्म्याच्या बरेच अलीकडे. पाठीशी वारा असेल तर लवकरच "पुढे जाणे जवळचे" होते.

गंमतजंमत
हे सूत्र मुंडावळ्या बांधण्याआधी कुणी दिले नाही.

घड्याळजी
वर कुणीच "वेळ" म्हणजे कोणती ते सांगितले नाही. तीन वेळा असतात.

हवेतला वेळ: चाके जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंत.
ब्लॉक टाइम: विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंत. वेळापत्रकात हा असतो. यात टॅक्सी करणे (विमानाने जागेपासून धावपट्टीपर्यंत किंवा तिथून जागेपर्यंत जमिनीवरून जाणे) आले, आणि कंपनीने उशिराची सोय म्हणून घातलेली मिनिटेही. म्हणून कधीकधी उशिरा सुटलेले विमान वेळेवर पोचते.
आणि घड्याळातला फरक: सुटण्याची व पोचण्याची स्थानिक वेळ. याची वजाबाकी करणे हा सर्वात लोकप्रिय गुन्हा.

कागदावर अंदाज काढायचा तर माझी पद्धत: अंतराला जमिनीवरच्या वेगाने भागा, वर ४० मिनिटे घाला. त्यातली २०-२५ दोन्हीकडच्या टॅक्सीची, बाकी चढता-उतरता कमी पडलेल्या वेगाची. सिडनी-सांतियागो: ११,३४० ÷ ९५० = ११ तास ५६ मिनिटे, अधिक ४० = १२:३६. परत: ११,३४० ÷ ८४० = १३:३०, अधिक ४० = १४:१०. वेळापत्रकाला पुरेसे जवळ.

नकाशेवाचक
दंडवत घ्या. आणि स्थानिक वेळेचे?

घड्याळजी
एकच नियम: सुटण्याची वेळ यूटीसीत (जगभरची एकच प्रमाण वेळ) आणा, ब्लॉक टाइम मिळवा, मग पोचण्याच्या ठिकाणची वेळ करा. मधे थेट उडी मारू नका.

जानेवारीत सिडनी यूटीसी अधिक ११, सांतियागो यूटीसी वजा ३. सोमवारी सकाळी ११ ला सुटले म्हणजे यूटीसी सोमवार ००:००. अधिक साडेबारा तास = १२:३०. वजा ३ = सोमवार सकाळी साडेनऊ. सुटण्याच्या दीड तास आधी पोचलात! येताना दंड भरावा लागतो: सोमवारी दुपारी १ ला सुटून चौदा तासांनी मंगळवारी संध्याकाळी ५.

सापळा उन्हाळी वेळेचा. दोन्ही ठिकाणे दक्षिण गोलार्धात, म्हणून फरक बहुतेक वर्षभर १४ तासच राहतो. पण सध्याच्या नियमांप्रमाणे चिलीची घड्याळे सप्टेंबरच्या सुरुवातीला पुढे जातात आणि सिडनीची ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. मधले काही आठवडे फरक १३ तास. त्या आठवड्यांत जोडविमान पकडायचे असेल तर डोळ्यांत तेल घालून बघा.

चौकट_मोडा
पाऊण तासांचे देशही विसरू नका. नेपाळ यूटीसी अधिक ५:४५, न्यूझीलंडची चॅटम बेटे १२:४५. तास पूर्ण धरून चालणारी सूत्रे तिथे आपटतात.

खलाशी_मन
थेट विमान नसेल तर? अंतराच्या साइट फक्त सरळ रेघ देतात. लंडन-सिडनी घ्या. बृहद्वृत्ताने सुमारे १७,००० किमी. सिंगापूरमार्गे सुमारे १७,२००, दुबईमार्गे १७,५५०, पर्थमार्गे १७,८००, लॉस एंजेलिसमार्गे मात्र २०,८०० च्या आसपास.

त्रिज्या
हे छान उदाहरण आहे. दोन ठिकाणे जितकी समोरासमोर, तितका वळसा स्वस्त पडतो. अगदी १८० अंशांवर असतील तर सगळ्याच दिशा सारख्या, कुठूनही जा, सुमारे २०,००० किमी. लंडन-सिडनी १५३ अंशांवर आहे, म्हणून मधले बरेच थांबे रेघेजवळच पडतात.

घड्याळजी
किलोमीटर स्वस्त, थांबा महाग. उतरणे, टॅक्सी, थांबणे, पुन्हा टॅक्सी, पुन्हा चढणे. विमान बदलायचे नसेल तरी अडीच-तीन तास सहज. आणि "डायरेक्ट" म्हणजे "नॉनस्टॉप" नव्हे. डायरेक्टला उड्डाण क्रमांक एकच असतो, मधे विमान उतरू शकते. हवे असेल ते नीट बघून घ्या.

दोनइंजिनी
उलट बाजूही आहे. फार लांब उड्डाणात इंधन वाहून नेण्यासाठीच इंधन जळते. ढोबळ मानाने जादा इंधनाच्या वजनाच्या ३ ते ४ टक्के दर तासाला. म्हणून विमान सुरुवातीला जड असताना खाली उडते आणि हलके होईल तसे दोन-दोन हजार फूट वर चढते.

नकाशेवाचक
सगळ्यांचे आभार. आता गृहपाठ. ऑकलंड-सांतियागो स्वतः काढले, तपासा:

ऑकलंड −३७.००८, +१७४.७९२. रेखांशांतला फरक २४५.५७८, म्हणजे ११४.४२२. साइनचा गुणाकार ०.३३१३, कोसाइनचा ०.६६६७ गुणिले −०.४१३५ = −०.२७५७. बेरीज ०.०५५६. कोन ८६.८१ अंश. अंतर ९,६५३ किमी.

वेळ: जाताना ९,६५३ ÷ ९५० अधिक ४० मिनिटे = १०:५०. येताना ÷ ८४० अधिक ४० = १२:०९.

जानेवारीत ऑकलंड अधिक १३, सांतियागो वजा ३. मंगळवारी संध्याकाळी ६ ला सुटले तर बुधवारी दुपारी १२:५० ला पोचणार.

त्रिज्या
अंतर बरोबर.

झोतवारा
येतानाचे १२:०९ थोडे आशावादी वाटते. हिवाळ्यात जेट स्ट्रीम जोरात असतो, तेव्हा ८०० धरा, १२:४५ येतील. बाकी ठीक.

घड्याळजी
मंगळवार १८:०० वजा १३ = यूटीसी मंगळवार ०५:००. अधिक १०:५० = १५:५०. वजा ३ = मंगळवार १२:५०. बुधवार कुठून आणलात?

नकाशेवाचक
हात्तिच्या. वजा ३ नीट लिहिले, पण वार मात्र बोटांवर पुढे मोजला. दुरुस्त करतो: मंगळवारीच, सुटण्याच्या पाच तास दहा मिनिटे आधी.

गंमतजंमत
आता परतीचा वार कोण काढतो बघू. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.